कडेला पळणारी पेस्ट

माझ्या वहिनीच्या नखांत कायम काहीतरी करडं अडकलेलं असतं. दादाचं लग्न ठरलं तेव्हा आईनं मला हळूच विचारलं होतं, "मुलगी गॅरेजात आहे का गं?" गॅरेजात नव्हती. ती पेस्ट बनवायची, आजही बनवते. त्या पेस्टनं तिला किती छळलं ते मी जवळून पाहिलं, कारण त्याच कारखान्यात मी पॅकिंग सांभाळते.

कॉम्प्युटरचा प्रोसेसर तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर उष्णता ओढून घेणारा तांब्याचा ठोकळा बसवतात. दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे दिसले तरी बारीक खाचा राहतातच. त्यांत हवा अडकते आणि हवा उष्णतेला पुढे सरकू देत नाही. म्हणून मध्ये पेस्ट लावायची. आमची जुनी पांढरी पेस्ट वर्षानुवर्षं चालली. पण मोठ्या सर्व्हरचे प्रोसेसर असे काही तापायला लागले, की ती म्हणजे दर्यात खसखस.

मग वहिनीनं एक मिश्रधातू घेतला, नुसता ठेवला तरी पाण्यासारखा वाहणारा. उष्णता न्यायला त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण स्वभावानं वाईट. ॲल्युमिनियमला लागला की ते बिस्किटासारखं चुरतं. बोर्डावर ओघळला की बोर्ड गेला. म्हणून तिनं त्याचे अगदी बारीक थेंब करून सिलिकोनच्या जेलमध्ये घोटले. पहिल्याच चाचणीत प्रोसेसर इतका गार राहिला, की मालक स्वतः उठून बघायला आले.

"चला, मॅडम, पाठवून द्या नमुने!"

"इतक्यात नको," वहिनी म्हणाली. "आधी तापवून, गार करून, पुन्हा तापवून बघू दे."

तिथेच माशी शिंकली. प्रोसेसर तापला की किंचित वाकतो, निवला की सरळ होतो, आणि दर वेळी पेस्ट थोडी थोडी कडेला ढकलली जाते. काही महिन्यांनी ठोकळा उचलला तर चहूकडे करडी दाढी आणि मधोमध, नेमकं जिथे सगळ्यात जास्त तापतं तिथे, टक्कल. जेल घट्ट केलं तर खाचांत शिरेना, पातळ केलं तर आणखी लवकर पळे. इकडे आड, तिकडे विहीर.

घरीही तेच डोक्यात. दादा शाळेत भूगोल शिकवतो. एकदा जेवताना तो बिचारा सहज म्हणाला, "अगं, कडेनं चिकटपट्टी लाव ना." वहिनी ताट घेऊन उठली ती आठवडाभर त्याच्याशी धड बोलली नाही.

नंतर ती तापानं घरी पडून होती तेव्हा मालकांनी परस्पर नमुने सर्व्हरवाल्या कंपनीला धाडून दिले. परत आल्यावर नमुन्यांचं रिकामं कपाट बघून ती तडक त्यांच्या खोलीत शिरली. मी मागोमाग.

"गिऱ्हाईक पहिल्या दिवशीचा तापमानाचा आकडा बघतं," मालक शांतपणे म्हणाले. "आकडा झकास आहे."

"आणि नंतर?"

"तोवर तुम्ही सुधारालच की."

सुधारलं नाही. त्यांचे सर्व्हर आधी मंदावले, मग आपोआप बंद पडायला लागले. माफी मागायला मालक गेले नाहीत, वहिनीला पाठवलं. सोबत मी. तिथे पंख्यांचा एवढा आवाज की कानात ओरडावं लागे. तिथल्या इंजिनियर बाईंनी ठोकळा काढून आमच्यासमोर धरला. मधोमध टक्कल.

"असं होणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग पाठवलंत कशाला?"

वहिनी ठोकळ्याच्या कडेची पेस्ट नखानं खरवडू लागली. बाहेर बसस्टॉपवर मात्र ती माझ्यावरच उखडली. "काय सांगणार होते मी? मालकांनी पाठवलं म्हणून? चहाडखोर ठरले असते. गप्प बसले तर लबाड ठरले!"

त्यानंतर ती हट्टालाच पेटली. जेलमध्ये तिनं असं काही मिसळलं, की पेस्ट पहिल्यांदा तापताना खाचांत शिरायची आणि मग तिथेच रबरासारखी मऊ होऊन धरून बसायची. कितीही तापवा, निववा, मधला भाग भरलेला. तरी तिचा विश्वास बसेना. दुसऱ्या यंत्रावर सगळ्या चाचण्या नव्यानं केल्या, तेव्हा कुठे आम्ही पुन्हा त्या इंजिनियर बाईंकडे गेलो.

त्यांनी आकडे पाहिले. "छान झालंय हो," म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा पडला. उठून त्यांनी आम्हाला शेजारच्या खोलीत नेलं. इथे पंख्यांचा आवाजच नव्हता. एका मोठ्या टाकीत पाण्यासारखं स्वच्छ तेल, आणि तेलात बुडवून उभे केलेले सर्व्हर.

"पंख्यांऐवजी हे तेलच गार ठेवतं. आता सगळेच सर्व्हर इकडे येणार आहेत," त्या म्हणाल्या.

वहिनी टाकीत बघत राहिली. "हे तेल सिलिकोनला काय करतं?"

"हळूहळू धुऊन काढतं. तुमची पेस्ट इथे नाही टिकायची."

"एक फोन करता आला नाही तुम्हाला?"

"खरं सांगू? मागच्या प्रकारानंतर तुमच्याकडून काही चांगलं येईल असं आम्हाला वाटलंच नव्हतं."

मालकांना सांगितलं तेव्हा ते सुस्कारा सोडून म्हणाले, "म्हणजे सगळी मेहनत पाण्यात."

"तेलात," मी म्हणाले.

आता ती पेस्ट छोट्या सिरिंजमध्ये भरून कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत जाते. गेम खेळणारी पोरं हौसेनं लावतात, खपही बरा आहे. मालकांनी खोक्यावर बर्फाचा डोंगर छापून घेतला आहे. वहिनी त्या खोक्याकडे बघतही नाही.

ती आता पेस्टऐवजी मध्ये बसवायच्या एका मऊ धातूच्या पातळ पानामागे लागली आहे. त्याला तेलाचं भय नाही. पण ते नीट बसायला जोरात दाबावं लागतं, आणि जोरात दाबलं की प्रोसेसरची कड तडकते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

परवा मी म्हटलं, "वहिनी, दे ना सोडून. दुसरा कोणीतरी करेल."

"कोण करेल? नाव सांग!" ती माझ्यावर खेकसली. हातातल्या पानाला पुन्हा सुरकुती पडली होती. तिनं ते चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात भिरकावलं. मग, तो धातू महाग असतो म्हणून, स्वतःशी चडफडत वाकली आणि शोधून बाहेर काढलं.