क्रेसेंसियाच्या कपाळावरची आठी

आमच्या पाराचो गावात कुजबुज होती, की क्रेसेंसिया एकीवा या विधवेनं म्हाताऱ्या डॉन नाबोरला मक्याच्या पेजेतून काहीतरी पाजलं. नाहीतर ज्यानं सख्ख्या पोरांनाही आपल्या कारखान्यातल्या गिटारच्या पोटात स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवू दिली नाही, तो एका बाईला देतो?

आमच्या गावात गिटार पुरुषांनी बनवायची आणि बायकांनी पॉलिश करायची, हा नियम देवानं स्वतः येऊन सांगितल्यासारखा पाळतात. क्रेसेंसियाला मात्र स्वतःच्या नावाची गिटार हवी होती. डॉन नाबोरनं उदार मनानं तिला शिष्य करून घेतलं. पहिली दोन वर्षं तिनं सरस शिजवला आणि भुसा झाडला. विद्येचा पाया म्हणतात तो हाच. मग नाबोरच्या मेव्हण्यानं, तेओदुलोनं, तापल्या नळीवर लाकूड वाकवायला शिकवलं, म्हणजे ती चुकली की तो नाकातून हसायचा.

खरी विद्या पुढच्या फळीची. रंधा मारायचा, फळी कानाशी धरून बोटाच्या पेरानं ठोकायची, आवाज मोकळा झाला की थांबायचं. नाबोर फळी तिच्या कानाशी धरायचा. "ऐक, पोरी!" आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. तिच्या कपाळाला आठी पडली की आणखी रंधा. आठी गेली की रंधा खाली. शिष्येची केवढी ही परीक्षा, म्हणून लोक माना डोलवायचे.

ऑगस्टच्या जत्रेतल्या स्पर्धेची फळी चालू होती, आणि नेमकी क्रेसेंसियाची दाढ सुजली. गालाला फडकं बांधून, तोंड वाकडं करून ती उभी. नाबोरनं ठोकलं, तिच्याकडे पाहिलं, रंधा मारला.

"बस, डॉन नाबोर."

पुन्हा रंधा.

"अहो, बस म्हणते ना!" ओरडल्यानं दाढेत कळ गेली, आठी आणखी खोल झाली. पुन्हा रंधा. फळीतून खिडकीचा उजेड दिसायला लागला, आणि कट्कन तडा गेला.

"वा दाजी!" तेओदुलो म्हणाला. "मक्याची पोळीच लाटलीत, आता हिच्यात घेवडा गुंडाळा आणि खा." आणि ही बातमी गावाला पुरवायला तो तातडीनं निघून गेला.

क्रेसेंसिया म्हाताऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग दर रविवारी गुपचूप घासलेली स्वतःची फळी तिनं बाकाखालून काढली, त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि एकेक शब्द सुटा करून बोलली, "जत्रेला ही जाईल. आत चिठ्ठी माझी."

"आणि माझी अब्रू?"

"तुमच्या गिटारींत तुमचीच चिठ्ठी. उद्या दाढ उपटून येते, मग नेहमीसारखं काम."

म्हाताऱ्यानं तडकलेली फळी भुशात टाकली. मग म्हणाला, "तेओदुलोला सांगू नकोस."

"सांगण्यासारखं आहे काय त्यात?"

तिच्या गिटारला तिसरा नंबर मिळाला. पहिला परीक्षकाच्या भाच्याला; त्याचाही कान मोठा तयार असणार. चिठ्ठीवरचं तिचं नाव वाचायला मात्र सगळा गाव गिटारच्या भोकात डोळा घालून गेला, आणि संध्याकाळपर्यंत पेजेची गोष्ट तयार.

डॉन नाबोरला जाऊन चार वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही. पेजेत काही नव्हतं. तो आठ वर्षं ठार बहिरा होता, आणि त्याच्या फळ्या क्रेसेंसिया ऐकत होती.