हवेचा रकाना

रामटेके सर गेल्याचं वडशाहून भावाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी कालव्याच्या साइटवर होते. "झोपेतच गेले, त्रास नाई झाला," तो म्हणाला. फोन ठेवला आणि पहिल्यांदा आठवली ती त्यांची बांबूची बंदूक... हसू आलं. रडू त्याच्या मागून आलं.

ऐंशीच्या दशकात सर आम्हाला कुरखेड्याला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे. प्रयोगशाळेत सामान बेताचंच. सरांनी बांबूच्या नळीत सायकलच्या सीटची स्प्रिंग बसवली होती. तिच्यातून टेबल टेनिसचा चेंडू तिरपा उडवायचा, कुठे पडला ते टेपने मोजायचं आणि सूत्राच्या उत्तराशी ताडून बघायचं. आम्ही पडलो हुशार. आदल्या दिवशीच व्हरांड्यात बसून उत्तर काढलं, सोळा फूट, आणि चेंडूला हात न लावता जर्नलमध्ये पाच निरीक्षणंही लिहून टाकली, सगळी सोळाच्या अवतीभवती. सरांनी माझी वही वाचली, टेप उचलला आणि बंदुकीपासून समोरच्या भिंतीपर्यंत मोजलं. चौदा फूट भरले.

"बाई, चेंडू भिंतीतून गेला का?"

अख्खा वर्ग हसला. मग खरोखर उडवून पाहिलं, तर चेंडू बाराच फुटांवर पडला. सर म्हणाले, "घरी धान उफणता नं? दाणा पायाशी पडते, भुसा दूर जाते. काऊन? हलक्याले हवा सोडत नाई." त्या दिवसापासून जर्नलमध्ये एक रकाना वाढला, हवेचा. सूत्राचं अंतर, खरं अंतर आणि मधला फरक. चेंडू हळू सोडला तर फरक बोटभर, जोरात सोडला की तो भराभर वाढायचा. लोखंडी गोळी मात्र सूत्राचं मुकाट ऐकायची. मला तो रकाना भरायचं वेडच लागलं.

आणि बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला नेमका तोच प्रयोग माझ्या वाट्याला आला. बाहेरून आलेले परीक्षक फक्त सूत्राचं उत्तर बघतात, हे आधीच कानावर आलं होतं. माझे वडील वडशाला राइस मिलमध्ये पोती उचलायचे. इंजिनिअरिंगला नंबर लागला तरच पुढे शिकायचं, नाहीतर घरी, असं ठरलेलं. दोन मार्कही जड होते. चेंडू बारा फुटांवर पडला. मी सोळा लिहिलं. परीक्षकांनी मान डोलावली. चौदा फुटांवरची ती भिंत त्यांच्या पाठीशीच होती. सर शेजारी बसले होते. त्यांनी माझा कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसत बसले. इतकी शरम मला पुन्हा कधी वाटली नाही.

नंबर लागला. पेढे घेऊन सरांकडे गेले, पण पाय उचलत नव्हता. सरांनी दोन पेढे खाल्ले, बायकोला हाक मारून तिसरा तिला दिला आणि किल्ल्यांचा जुडगा घेतला. "चाल."

"कुठी, सर?"

"प्रयोगशाळेत. तुले पास व्हाचं होतं, मले समजते. मी तुह्या जागी असतो तर मीबी तेच लिहिलं असतं. पण आता मार्क भेटले नं? आता काऊन भ्याचं?"

भर उन्हात, पत्र्याखाली, त्यांनी माझ्याकडून दहा वेळा चेंडू उडवून घेतला. प्रत्येक वेळी मी वाकून मोजायची आणि ते लिहायचे. रागाचा एक शब्द नाही. उलट चेंडू कपाटाखाली गेला की स्वतः आडवे होऊन काढायचे. दहावं निरीक्षण झाल्यावर कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "कर सही."

आजवरची माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यातच झाली. एस्टिमेटशी तंतोतंत जुळणारे आकडे समोर आले की माझा पेन थांबतो. मी स्वतः टेप घेऊन उन्हात उतरते. हाताखालची माणसं वैतागतात. पाठीमागे माझं नाव पडलं आहे, 'पुन्हा-मोजा बाई'. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. सरांना हे सांगायचं होतं... राहून गेलं. पोट धरून हसले असते.