नाडी बघणाऱ्या दातार बाई

दातार बाईंनी पहिल्याच दिवशी माझं मनगट धरलं. मी तासाला उशिरा पोचलो होतो. दारात उभा राहून "आत येऊ का?" म्हणतो तोच त्या झपाझप माझ्याकडे आल्या, माझा हात धरला आणि स्वतःच्या मनगटावरच्या भल्यामोठ्या पुरुषी घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. सगळा वर्ग टक लावून बघत होता.

"धावत आलास की घाबरलायस?"

"धावत."

"खोटं! धावल्याची नाडी एव्हाना उतरायला लागली असती. तुझी माझ्याकडे बघून चढतेय!" आणि त्या इतक्या मनापासून हसल्या की मलाही हसू फुटलं.

ही ऐंशीच्या दशकातली, रत्नागिरीच्या कॉलेजातली गोष्ट. बाई चिपळूणच्या, ठेंगण्या, आवाज मात्र खणखणीत. मानसशास्त्र शिकवायच्या, पण पुस्तक उघडून कमीच. शिकवता शिकवता काही सुचलं की खडू उंच धरून ओरडायच्या, "थांबा, थांबा, इथे गंमत आहे!" शेजारच्या वर्गातले सर त्रासून दार लावून घ्यायचे. मी मिरकरवाड्यातला. बाबा मासेमारीच्या लाँचवर तांडेल होते, सगळे खलाशी त्यांच्या शब्दावर चालायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे वर्गात मत ठोकून द्यायची मला भारी हौस.

एकदा मी उभा राहून सांगितलं, "बाई, बायकांचा मेंदूच हळवा असतो. पुरुषाला भावना आवरता येतात. माझ्या बाबांच्या डोळ्यांत मी कधी पाणी बघितलं नाही."

मुली खवळल्या. बाईंना मात्र कोण आनंद! "वा भास्कर! तपासूया की!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना एकमेकांच्या नाड्या मोजायला बसवलं. वर्ग शांत झाला होता आणि अचानक खिडकीबाहेर धडाडधूम! बाईंच्या सांगण्यावरून शिपाई गावडेमामांनी रॉकेलचा रिकामा डबा फरशीवर आपटला होता. मुली किंचाळल्या, मग एकमेकींना धरून हसत सुटल्या. आम्ही बहुतेक मुलगे ताठ बसून राहिलो. "काय नाय, डबा पडला," मी म्हणालो.

"मोजा!" बाई ओरडल्या.

मोजलं तर आमच्याही नाड्या मुलींइतक्याच उडाल्या होत्या. थोड्या वेळाने पुन्हा मोजल्या. बडबडून, हसून मुलींच्या बऱ्याच उतरल्या होत्या, आमच्या रेंगाळत होत्या. मुली टाळ्या पिटायला लागल्या. "बाई, म्हणजे बायकाच वरचढ!"

"थांबा, थांबा! ही साठे बघा. बाईमाणूस, पण हिची नाडी हललीसुद्धा नाही. आणि सगळ्यात मोठ्याने किंचाळला कोण? दिनकर!" दिनकर लाल झाला. बाई आता फळ्यासमोर येरझाऱ्या घालत होत्या. "बाईच्या आणि पुरुषाच्या मेंदूत काहीच फरक नाही, असं मी म्हणत नाही. शोधणारे शोधतायत, मलाही जाणून घ्यायचंय. पण वीस पोरांवरून जगाचा कायदा करू नका. सरासरी कागदावर असते, समोर असतो तो दिनकर नाहीतर साठे. आणि भास्कर, भावना आवरणं वेगळं आणि झाकणं वेगळं. झाकण ठेवलं म्हणून भात शिजायचा थांबत नाही रे!"

मी वहीत लिहून घेतलं. पटलं मात्र नव्हतं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी समुद्र खवळला. बाहेर गेलेल्या लाँची एकेक करून परत आल्या, बाबांची आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरात आईचा आकांत चालला होता. तो ऐकवेना म्हणून मी सायकल काढली आणि सरळ कॉलेजात आलो. बातमी तिथेही पोचली होती. पोरांनी पाठीवर थाप मारली, "मानलं तुला! काय धीर आहे!" मला ते बरं वाटलं.

बाईंनी माझं मनगट धरलं. घड्याळात बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पुस्तक मिटलं, वर्गाला म्हणाल्या, "आज तास नाही," आणि मला म्हणाल्या, "चल. तुझी सायकल कुठाय?"

भर दुपारी दातार बाई माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मिरकरवाड्याच्या उतारावरून निघाल्या. दुकानांतून माणसं बाहेर येऊन बघत होती. बाईंना त्याचं काही नव्हतं. "ब्रेक लागतात ना रे?" एवढंच त्यांनी विचारलं.

जेटीवर आई बायकांच्या घोळक्यात मोठमोठ्याने रडत होती. मला लाज वाटली. "आये, गप ना. कॉलेजच्या बाई आल्यात."

"तिला का गप करतोस?" बाई म्हणाल्या. "नीट बघ जरा."

मी बघितलं. आई रडत होती, पण रडता रडताच तिने एकाला बंदराच्या ऑफिसात वायरलेसची चौकशी करायला पिटाळलं होतं, लाँच तिकडच्या बंदराला लागलीय का बघायला दुसऱ्याला जयगडच्या गाडीत बसवलं होतं, खलाशांच्या पोरांना जेवायला घातलं होतं. पलीकडे पुरुष जाळ्यांवर मुके बसले होते. माझे यशवंतकाका जाळ्याची एकच गाठ सोडत होते आणि पुन्हा बांधत होते.

बाई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. "दादा, तांडेल लहानपणी कसे होते हो?"

काकांनी गाठ अर्धीच ठेवली. मग म्हणाले, "लय वांड. मना पाण्यात ढकलून पवायला शिकवलान त्यानंच." आणि एवढा दांडगा माणूस जाळ्यात तोंड खुपसून हमसाहमशी रडायला लागला.

ते बघून माझ्या आतून काहीतरी सुटलं. बाईंनी मला काही विचारलंही नव्हतं. मीच बोललो, "बाई, बाबा निघाले त्या दिवशी लाँचवर एक माणूस कमी होता. मला चल म्हणाले. मी म्हणालो, मासे मारायला नाही शिकत मी. ते काही न बोलता गेले." दोन दिवसांत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं आणि सगळ्या वाड्यासमोर रडलो. कोणी हसलं नाही. आई उठून आली आणि तिने मला जवळ ओढलं. रडून झालं तसा मी काकांबरोबर उठलो आणि टेहळणीला दीपगृहाच्या बाजूला जायचं ठरवलं.

जायची वेळ आलीच नाही. ऊन कलत असताना जेटीच्या टोकावरून आरोळी आली, "आली! आली रे!" सगळा वाडा धावला. दूर दोन लाँची दिसत होत्या, एक दुसरीला दोराने ओढत आणत होती. "तांडेलाचीच हाय! बावटा बघ, बावटा!" म्हाताऱ्या धावत होत्या, पोरं खांबांवर चढली होती, कोणीतरी पत्र्याचा डबा बडवत होतं. बाई चप्पल हातात घेऊन चिखलातून पळत होत्या, सगळ्यांत पुढे.

इंजिन बंद पडून लाँच वाहवत गेली होती, पण सगळे धड होते. बाबा उतरले. चेहरा नेहमीसारखा दगडी. आईचं रडणं तत्क्षणी थांबलं आणि ती त्यांच्यावर कडाडली, "दहा वेळा सांगितलं, इंजिन दाखवून घ्या म्हणून!" बाबांनी मला फक्त विचारलं, "जेवलास काय?"

तेवढ्यात बाईंनी त्यांचं मनगट धरलं. परकी बाई हात धरते म्हटल्यावर बाबा गांगरले. "ही कोण?"

"थांबा, थांबा!" घड्याळात बघत बाई आनंदाने ओरडल्या. "भास्कर, तुझ्या बाबांचं काळीज घोड्यासारखं धावतंय रे!"

बाबा आधी हसले. हसता हसताच त्यांचा चेहरा मोडला. माझ्या खांद्यावर हात टाकून ते रडले, खारं अंग, खारे डोळे. मी म्हणालो, "चुकलं माझं." त्या संध्याकाळी मिरकरवाड्यात दिवाळी आधीच आली.

पुढे काही वर्षांनी बाईंचे यजमान अचानक गेले. मी चिपळूणला गेलो. बाई कोरड्या डोळ्यांनी आल्यागेल्याची व्यवस्था बघत होत्या. नातेवाइकांत कुजबुज चालली होती, "बाई आहे की पाषाण?" बाईंचा भाऊ मात्र कोपऱ्यात धाय मोकलून रडत होता. मला बाजूला घेऊन बाई हळूच म्हणाल्या, "सगळ्यांना शिकवलं रे, मला जमत नाहीये. डोळेच भरत नाहीत."

"सगळ्यांची पद्धत एक कुठे असते, बाई?" एवढंच मी म्हणालो.

महिन्याभराने, एका दुपारी, त्या न कळवता आमच्या घरी आल्या. आईबरोबर सैपाकघरात बसल्या. ओसरीवर मी आणि बाबा बसलो होतो. आधी बोलण्याचा आवाज येत होता, यजमानांच्या काहीतरी आठवणीवर दोघी हसल्याही. मग बाईंचा हुंदका ऐकू आला, मागोमाग आईचा. बाबा उठले. मला वाटलं, रडणं ऐकलं की नेहमी निघतात तसे हे आता बंदराकडे निघणार. ते सैपाकघराच्या दारात क्षणभर थांबले, आत गेले आणि त्या दोघींच्या शेजारी जमिनीवर बसले.