बुळकांडीच्या साली कुंभारीत

सोलापुरात मी शाळामास्तर होतो, आणि उरलेल्या वेळात शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या एका मासिकात लिहीत असे. खत कसं कुजवावं, ज्वारीवर काणी कशानं पडते, गाभण गाईला काय घालावं, असले विषय. इंग्रजी पुस्तकांतून आधी आपण समजून घ्यायचं आणि मग आपल्या माणसांना कळेल असं मांडायचं. पण ज्यांच्यासाठी लिहायचं, त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी खेड्यांत जाऊन मीच ते मोठ्यानं वाचून दाखवी. सुरुवातीला त्याची फार हौस होती. पुढं काही वर्षांनी कुणी बोलावलं की जायचं, एवढंच राहिलं.

त्या साली चैत्रात बुळकांडी आली. गुरांचा हा रोग ज्यांनी पाहिला नाही ते सुखी. जनावर तापतं, रवंथ सोडतं, डोळ्यांतून पाणी गळतं, तोंडात फोड येतात. मग हगवण लागते आणि धिप्पाड बैल बघता बघता आडवा होतो. रोगाचं विष इतकं बारीक की डोळ्याला दिसत नाही. ते लाळेतून, शेणातून, पाण्यातून आणि सांभाळणाऱ्याच्या हातांतूनही दुसऱ्या जनावराला लागतं. मासिकानं माझा मजकूर पत्रक करून छापला. आजारी जनावर वेगळं बांधा, त्याचं चारापाणी वेगळं ठेवा, आणि त्याला हात लावणाऱ्यानं निरोगी जनावराजवळ जाऊ नये, असं त्यात होतं.

गुरांचे डॉक्टर कुंभारीला निघाले होते. त्यांच्या टांग्यात मीही बसलो. ऊन असं होतं की घोडासुद्धा सावली आली की थबकायचा. चावडीपुढं लिंबाखाली माणसं जमली. मी पत्रक वाचलं, काही ओळी दोनदा वाचल्या. लोक आपसांत कानडीत बोलत होते. मग एक उंच शेतकरी उठला.

"मास्तर, येगळं बांधा म्हंता, पर कुटं बांधू? गोठा एकच हाय. अन् रोग्याला हात लावल्याल्यानं दुसऱ्यापाशी जायाचं न्हाय. घरात बघणारा मी एकटा. मी काय अर्धा हिकडं अन् अर्धा तिकडं हुनार व्हय?"

लोक हसले. मी पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, "गावाबाहेर सगळ्यांची मिळून एक जागा करा."

"अन् तितं बसनार कोन? समद्यांच्याच घरी गुरं हायती की."

डॉक्टर कपाळ पुसत राहिले. तेवढ्यात मागं कट्ट्याशी बसलेली एक बाई म्हणाली, "मी बसते."

ती विधवा होती. एका म्हशीच्या दुधावर तिचं चालत असे, आणि गावात पहिली गेली ती तिचीच म्हैस.

"माज्या दावणीला आता काय न्हाय," ती म्हणाली. "मी हात लावला तर कुनाला बाधनार?"

"बरोबर आहे त्यांचं," डॉक्टर म्हणाले.

"अक्का, घरी येता यायचं न्हाय," उंच शेतकरी म्हणाला.

"म्हस गेल्यापास्नं घरात तरी मला काय करमतंय?"

ओढ्याच्या खालच्या अंगाला बाभळी होत्या, तिथं आजारी गुरं नेली. डॉक्टरांपाशी लस बेताचीच होती. ज्या घरांत रोग शिरला होता, तिथल्या धड जनावरांना त्यांनी ती टोचली. बाईला हात धुवायला फिनेलचं पाणी दिलं. तिची भाकरी लांब एका दगडावर ठेवायची, आणेल त्यानं हाक मारून मागं फिरायचं, असं ठरलं.

पुढं दर रविवारी मी कुंभारीला जात राहिलो. माझं तिथं तसं काही काम नव्हतं. बाभळींजवळ वास असे, वर गिधाडं फिरत. मेलेली गुरं खोल पुरून वर चुना टाकत होते. बाई बांबूच्या नळकांड्यानं एकेकाला ज्वारीची पातळ पेज पाजत असे आणि कानडीत त्यांना रागं भरत असे. एकदा तिनं मला लांबूनच विचारलं, "मास्तर, ह्यातली किती वाचत्याल?"

"खरं सांगू?"

"खोटं सांगायला येवढ्या उनाचं कशाला येताल?"

"निम्मी वाचली तरी पुष्कळ."

"कुटली निम्मी?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही."

"म्हंजी समद्यांनाच पाजाय पायजे," ती म्हणाली, आणि नळकांडं उचलून पुढच्या जनावराकडं गेली. तिचे पाय सुजले होते. मी बसा म्हणालो, ते तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

निम्मीसुद्धा वाचली नाहीत. पण रोग गावात पसरायचा थांबला. शेजारच्या गावांत दावणीच्या दावणी रिकाम्या झाल्या, तसं कुंभारीत झालं नाही. मृगाच्या सुमारास बाभळीखालची उरलेली जनावरं घरी आली, नुसती हाडं आणि कातडं. उंच शेतकऱ्याचा एक बैल गेला होता. त्याची एक रेडी मात्र उठली होती. ती घेऊन तो बाईच्या दारात आला, आणि दावं तिच्या हातात दिलं.

"एकदा उठल्यालीला बुळकांडी पुन्ना हुत न्हाय, मास्तर म्हंत्यात. ही घे, अक्का."

बाईनं आधी रेडीचं तोंड उघडून जिभेखाली पाहिलं. मग, "उनाचं कशाला आनलीस हिला?" म्हणून त्याच्यावरच ओरडली.

हे सगळं मी मासिकासाठी लिहिलं. संपादक म्हणाले, "छान आहे, पण आपलं मासिक शास्त्राचं. हकीकत काढू, नियम ठेवू." वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. छापून आलं त्यात एक वाक्य उरलं होतं : "ज्याच्या घरी गुरे नाहीत अशा इसमास देखरेखीस नेमावे."

पुढच्या साली टेंभुर्णीच्या बाजारात मी तेच वाचत होतो. त्या वाक्यापाशी एकानं विचारलं, "आसं कोन बसंल? ज्याचं काय न्हाय, तो दुसऱ्यासाटी कशाला मरंल?"

मी पत्रक घडी करून ठेवलं आणि कुंभारीच्या बाईचं सांगितलं. बाजारातला गलबला चालूच होता, पण जवळची माणसं ऐकत उभी राहिली. एकानं तिच्या पायांची सूज उतरली का ते विचारलं. ते मला माहीत नव्हतं. मग सोलापूरच्या मोटारीनं भोंगा वाजवला. आत जागा नव्हती, धूळ खात मी दाराशी उभा राहिलो. त्यांच्यातलं कुणी पुढं आजारी गुरांपाशी बसलं की नाही, ते मला कळलं नाही.