सकाळी एक चमचा

बळीराम मास्तर कशाचा आधार न घेता उभे राहिलेत, असं मी कधी पाहिलं नाही. आमच्याकडे एस.टी.च्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. उमरी, देगलूर, नांदेड या रस्त्यांवर सगळी नोकरी उभ्यानं काढलेला हा माणूस निवृत्त झाल्यावरही माझ्या दुकानाच्या दारातला लोखंडी पाईप धरूनच बोलायचा. खालची जमीन हलत नाही, हे त्यांच्या पायांना कधी पटलंच नाही.

उमरीत माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे, मागेच घर. म्हशींचं कॅल्शियम, शेळ्यांचं जंताचं औषध, गोचिडांची पावडर, एवढ्यावर माझं चालतं. मास्तरांनी पहिल्यांदा येऊन म्हाताऱ्या कुत्र्यासाठी ताकदीचं काही आहे का, असं विचारलं तेव्हा बाकावर बसलेला दूधवाला खो खो हसला. "मास्तर, कुत्र्याचं काय घेऊन बसलाव, बायकोला टॉनिक न्या की!"

मास्तर हसले नाहीत. "तिच्यासाठीच नेऊन राहिलो," म्हणाले.

मग दूधवाला गेल्यावर त्यांनी सांगितलं. सुमनबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विसरण्याचा आजार जडला होता. मूलबाळ नव्हतं. बाई दार उघडं दिसलं की निघायच्या आणि घर कुठं ते विसरून जायच्या. नवऱ्याला 'तुम्ही कोण' म्हणायच्या. ओळखायच्या फक्त या कुत्र्याला, मोत्याला. तो पाठोपाठ जायचा, त्या कुठं बसून राहिल्या की पदर तोंडात धरून ओढायचा आणि घरी आणायचा. आता मोत्या तेरा वर्षांचा झाला होता आणि मागचे पाय ओढत चालत होता.

"त्याचे पाय गेले की हिची वाट गेली, ताई," मास्तर म्हणाले. "काय बी करा, पर गाडी थांबू देऊ नका."

मी नांदेडहून पावडर मागवली. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या हाडांसाठी, सांध्यांसाठी असते ती. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व भरपूर. सकाळी एक चमचा, दुधातून. डब्यावर मी स्वतः पेनानं तसं लिहून दिलं. तीन आठवड्यांत मोत्या बऱ्यापैकी चालू लागला. मास्तर आनंदानं सांगायला आले.

"पावडर बायकोच देती त्याला. सैपाक इसरली, न्हाणं इसरली, मला तर कवाच इसरली. पर मोत्याचा चमचा न्हाई इसरत! मी मुद्दाम डबा तिच्याच हाती दिलाय. एवढं एक काम उरलंय तिला."

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यानंतर नेलेला डबाही महिनाभर पुरायला हवा होता, पण तो संपला म्हणून ते बाराव्या दिवशीच आले. सांडत असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि नवा दिला. मग आणखी एक. विचारणं माझं काम होतं. मी विचारलं नाही.

एका दुपारी दुकानासमोर ऑटो थांबला. मागच्या सीटवर मोत्या पडला होता. दोन दिवस उलट्या, घटाघटा पाणी, अन्न बंद. मी शटर ओढलं आणि मास्तरांबरोबर जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, आणि काय काय देता ते विचारलं. मास्तरांनी पिशवीतून डबा काढला.

"हा किती दिवसांत संपतो?"

मास्तर माझ्याकडे बघू लागले. "बारा," मीच म्हणाले.

"ड जीवनसत्त्व अती झालं की विषच होतं," डॉक्टर म्हणाले. मास्तर तिथल्या टेबलाची कड धरून हळूहळू खाली बसले. त्यांना कळलं होतं, मलाही. सुमनबाई चमचा द्यायला विसरत नव्हत्या, दिलेला चमचा विसरत होत्या. डबा दिसला की पुन्हा वाटी, पुन्हा दूध. आणि मोत्या त्यांच्या हातचं कधीच नाकारत नसे.

"हिला सांगू नका," एवढंच मास्तर म्हणाले. सांगितलं असतं तरी बाईंच्या लक्षात राहिलं नसतं. तरीही ते परत परत म्हणत राहिले, "हिला सांगू नका, ताई."

चौथ्या दिवशी मोत्या गेला. नंतरचे दोन महिने मला आठवायला नको वाटतात. एकदा बाई रेल्वे स्टेशनच्या पलीकडे सापडल्या, पायात चप्पल नव्हती. मी एक पिल्लू आणून दिलं, ते त्यांनी दगड मारून हाकललं. मग मास्तर त्यांना कुलपात ठेवून भाजीला येऊ लागले. "दार बडवून राहिली असंल," म्हणायचे आणि भाजी न घेताच परत फिरायचे. एकदा माझ्या दुकानात पाईपाला डोकं टेकवून हमसून रडले. मी त्यांच्याकडे पाठ करून बाटल्या लावत बसले.

उन्हाळा लागताना ते पुन्हा आले. बरोबर सुमनबाई होत्या, रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली उभ्या.

"तोच डबा द्या, ताई. आतली पावडर नको. सकाळी दूध ओतती अन् डबा शोधून राहती. न्हाई सापडला की लई रडती."

मी घरात जाऊन एक डबा रिकामा केला, धुऊन पुसला आणि त्यात सातूचं पीठ भरलं. "पण दूध पिणार कोण?" मी विचारलं.

"मीच की. तिच्यासमोर, त्याच वाटीतून. आता मागंबी मीच चालतो. घराकडं वळायचं आलं की पदर धरतो."

तेवढ्यात लिंबाखालून हाक आली. "मोत्या! ए मोत्या, चल की!"

मी वळून पाहिलं. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. बाई मास्तरांकडे बघत होत्या.

"आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत," मास्तर हळूच म्हणाले. "चाळीस वर्षांत हिनं मला एकदा बी नावानं हाक न्हाई मारली. आता मारती."

त्यांनी डबा काखेत घेतला, पाईप सोडला आणि रिकाम्या हातानं, लडखडत उन्हात उतरले. "आलो, आलो," म्हणत.