चिनोरची पारख आणि तोंडातला खर्रा

आमचं साताऱ्यात किराणा दुकान आहे, त्यामुळे तांदळातलं मला कळतं हा माझा जुना गैरसमज. तो मोडायला भंडारा जिल्ह्यात जावं लागलं. पुण्यातल्या बचत गटांच्या प्रदर्शनात करडी गावच्या वच्छलाताईंनी मला चिमूटभर चिनोर तांदूळ हुंगायला दिला आणि म्हणाल्या, "डिसेंबरात या, संगं तुमसरच्या धान-बाजारले जाऊ." घरी सगळे हसले. मी तिकीट काढलं.

नागपूरपर्यंत रेल्वे, पुढे पॅसेंजरने तुमसर रोड. इथून तिरोडीकडे जाणारा रेल्वेचा फाटा मुळात पोलादाला लागणाऱ्या मँगनीजच्या खाणींसाठी टाकला, असं शेजारच्या आजोबांनी सांगितलं. तांदळाच्या गावाला निघाले आणि वाटेत पोलादाचा व्यापार भेटला! करडीला काळीपिवळी जीप मिळते. गुडघे पोटाशी घेऊन बसायची तयारी ठेवा.

रात्रीच्या जेवणाला बेसनाच्या पाटोडीचा रस्सा आणि चिनोरचा भात होता. झाकण काढलं आणि ओसरीवरचं कुत्रंसुद्धा उठून बसलं. पण वच्छलाताईंचे यजमान महादेवभाऊ गंभीर होते. "पीक कमी, मेहनत जादा. यंदा ठोकळ, जाड्या धानाचाच भाव भेटला तं पुढच्या साली चिनोर बंद," ते मला म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून हे बियाणं ताईंनीच जपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमसरचा बाजार. धानाच्या राशी, धूळ, दहा रुपयांत फर्मास चहा. मापारी पहिलं माप टाकताना 'एक' म्हणत नव्हता, 'लाभ' म्हणत होता. लाभ, दोन, तीन... आमच्या सासऱ्यांच्या तोंडीही हेच असायचं. इतक्या दूर तोच शब्द ऐकून मला उगाचच घरी आल्यासारखं वाटलं.

ताईंच्या राशीपाशी एक अडत्या आला. मूठभर धान तळहातावर रगडलं, कोंडा फुंकला, तांदूळ नाकाला लावला.

"वास कुठं हाय? मिक्स हाय हे. ठोकळमंदी टाका."

महादेवभाऊंनी मान खाली घातली. मला वाटलं, झालं, पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच.

"भाऊ," वच्छलाताई म्हणाल्या, "पयले खर्रा थुका."

"काय?"

"तोंडात तंबाखूचा खर्रा, अन् नाकानं चिनोर पारखून राहिले? चूळ भरून या, मंग सांगा."

आजूबाजूला हशा पिकला. पोत्यावर बसलेला म्हातारा हमाल मात्र हसला नाही. "बराबर हाय बाईचं. जुने दलाल चिनोरच्या दिवशी सकाळपासून खर्ऱ्याले हात लावत नोयते." प्रयोगशाळा आणि प्रमाणपत्रं नव्हती, तेव्हा हा धंदा माणसांनी नाक राखून चालवला! वीस वर्षं गल्ल्यावर बसून मला हे ठाऊक नव्हतं.

अडत्या चिडेल असं वाटलं होतं, पण तो खरंच नळावर गेला. तोंड पुसत आला. नवी मूठ घेतली, रगडली, तिच्यावर उष्ण श्वास सोडला आणि हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग ते दाणे फेकून न देता त्यानं राशीत परत ठेवले.

"लिहा," तो मुनिमाला म्हणाला. "चिनोर."

मला तिथंच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. ताईंनी नुसता पदर सारखा केला.

तुम्ही जाणार असाल तर डिसेंबरात जा, स्वेटर न्या, बाजारात सकाळीच पोचा. मी दहा किलो तांदूळ आणला, आठवड्यात संपला. आता गिऱ्हाइकानं चिनोरचा भाव विचारला की आधी मी त्याला वच्छलाताईंबद्दल सांगते. नात्याची ना गोत्याची, पण अभिमान असा वाटतो की जणू माझीच थोरली बहीण.

जूनमध्ये त्यांचा फोन आला. "वावराच्या साऱ्या बांध्यांत चिनोरच लावणार. आमच्या मालकायनं सोतानं बी टाकलं, मले हात नाही लावू देला."