मोठा नंबर, बारीक मणी

शिंपीकाका म्हातारपणी मणीवालीच्या प्रेमात पडलेत, अशी बातमी गल्लीत फिरत होती. तीन दिवसांत तीनदा दुकानात, तेही कडक इस्त्रीचा शर्ट घालून. त्यातलं फेऱ्यांचं आणि शर्टाचं तेवढं खरं होतं. शिंपी चुरगळलेला कसा जाईल?

काका जात होते काकूसाठी. आजारपणात तिच्या उजव्या हाताची बोटं आखडली होती. जन्मभर अकरा नंबरच्या बारीक मण्यांच्या माळा ओवल्या, आणि आता चिमटीत मणी ठरेना. "मण्यांचा डबा भंगारात द्या," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. बोटं हलती ठेवली नाहीत तर ती कायमची जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

हिला न सांगता मोठे मणी आणायचे, असं त्यांनी ठरवलं. मशीनच्या सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते, हे शिंप्याला तोंडपाठ. त्यांनी पंधरा नंबर घेतला. घरी पुडी सोडली, तर आत खसखस.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान. "ताई, मोठे मागितले होते."

"मोठे कुठे, मोठा नंबर मागितलात." मणीवाली नाकात बोलते, प्रत्येक वाक्याला शिंक येता येता राहिल्यासारखी. "काका, ठरलेल्या लांबीत किती मणी मावतात, तो नंबर. जास्त मावले म्हणजे मणी बारीक. तुमच्या दोऱ्याचं कसं असतं?"

"नंबर वाढला की दोरा बारीक."

"मग सुईचं ऐकलंत, दोऱ्यानं काय घोडं मारलं होतं?"

काका सहा नंबर घेऊन आले. त्या मोठ्या भोकांत जुना दोरा लुळा पडला, म्हणून तिसरी फेरी जाड दोऱ्यासाठी.

जुन्या डब्यात ते नवे मणी भरत होते, तेव्हा शेजारची मी तिथेच होते. म्हटलं, "काकू ओळखणार आणि डबा भिरकावणार."

"ओळखेल," काका म्हणाले. "भिरकावणार नाही."

पैज लागली. हरेल त्यानं आठवडाभर कुणाचीही नक्कल करायची नाही. काकांना नक्कल येतच नाही, हे मला उशिरा सुचलं.

काकूनं डबा उघडला. एक मणी खिडकीशी नेऊन पाहिला, मग काकांकडे पाहिलं. काका छताचा पंखा न्याहाळत होते.

"माझ्या आजारपणात या मण्यांनी बरंच अंग धरलंय," ती म्हणाली. मणी दोनदा निसटला, तिसऱ्यांदा सुईवर चढला. "बघताय काय, दोऱ्याला गाठ मारून द्या."

ती हे कशी म्हणाली, ते तिच्या आवाजात करून दाखवायची आता सोय नाही.